कुणाचा अभ्यास कुणी मानायचा?

१९५८ साली सोफिया कोर्राडी ही रोमची तरुणी न्यूयॉर्कहून घरी परतली. फुलब्राइट शिष्यवृत्तीवर जाऊन तिने कोलंबिया विद्यापीठातून तौलनिक कायद्याची पदव्युत्तर पदवी घेतली होती. रोमच्या सापिएन्झा विद्यापीठातले कायद्याचे शिक्षण मात्र अजून पुरे व्हायचे होते. अमेरिकेत केलेला अभ्यास इथे धरावा, एवढीच तिची विनंती. कार्यालयाने ती धुडकावली, वर चारचौघांत तिचा पाणउतारा केला.

तिने तो अपमान गिळला नाही. पुढे इटलीतल्या कुलगुरूंच्या परिषदेची सल्लागार झाल्यावर १९६९ मध्ये तिने टिपण लिहिले: परदेशातल्या विद्यापीठात केलेला अभ्यास आधी ठरवून घेतला असेल, तर मायदेशी तो मानलाच पाहिजे. इटलीत यावर कायदा व्हायचा राहून गेला. १९७६ मध्ये युरोपीय पातळीवर संयुक्त अभ्यासक्रमांचा छोटा प्रयोग सुरू झाला आणि १९८७ मध्ये त्यातूनच ‘इरास्मस’ योजना आकाराला आली. पहिल्या वर्षी ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी सीमा ओलांडून शिकायला गेले. आज विद्यार्थी, शिक्षक, शिकाऊ कामगार असे सगळे मिळून हा आकडा दीड कोटीच्या वर आहे. कोर्राडीबाईंना युरोप ‘मम्मा इरास्मस’ म्हणून ओळखतो.

विद्यापीठांच्या सहकार्याची चर्चा परिषदा, करार आणि घोषणापत्रांभोवती फिरत राहते. खरा प्रश्न कोर्राडीबाईंनी त्या कार्यालयात विचारला तोच आहे. तिथे शिकलेले इथे धरणार की नाही? १९८९ मध्ये त्याचे व्यवहारी उत्तर निघाले, ते म्हणजे श्रेयांकांची समान पद्धत. पूर्णवेळ अभ्यासाच्या एका वर्षाला ६० श्रेयांक, एका श्रेयांकासाठी विद्यार्थ्याचे २५ ते ३० तासांचे काम. वर्गातले तास तेवढे मोजायचे नाहीत. वाचन, प्रयोग, लेखन, परीक्षेची तयारी, सगळे धरायचे. निघण्यापूर्वी अभ्यास-करारावर तीन सह्या होतात: विद्यार्थ्याची, त्याच्या विद्यापीठाची आणि यजमान विद्यापीठाची. कोणते विषय घेणार आणि त्यांच्या बदल्यात घरच्या अभ्यासक्रमातले काय सुटणार, हे त्या कागदावर आधीच लिहिलेले असते. १९९९ मध्ये बोलोन्याला २९ देशांनी पदव्यांची रचना एकमेकांशी जुळवायचे ठरवले. आज त्या प्रक्रियेत ४९ देश आहेत.

पण या वाटेने परदेशी शिकायला गेले कोण? ज्यांच्या घरी चार पैसे होते, ज्यांचे आईवडील शिकलेले होते, मुख्यतः ती मुले. शिष्यवृत्ती मिळाली तरी परक्या शहरातले भाडे त्यात भागत नाही. संध्याकाळी काम करून शिकणाऱ्याला नोकरी सोडून सहा महिने जाता येत नाही. पदरी लहान मूल असलेल्या विद्यार्थिनीला तर त्याहून अवघड. २००९ मध्ये लूव्हँच्या बैठकीत बोलोन्या प्रक्रियेतल्या देशांच्या मंत्र्यांनी २०२० पर्यंत २० टक्के पदवीधरांनी परदेशी शिकून यावे असे ठरवले. सरासरीत ते गाठता आले नाही.

इरास्मसच्या २०२१ पासूनच्या नव्या टप्प्यात या दुखण्यावर थेट उपाय आले. प्रतिकूल परिस्थितीतल्या विद्यार्थ्याला शिष्यवृत्तीवर दरमहा २५० युरो जादा मिळतात. अपंग विद्यार्थ्यासोबत मदतनीस जाणार असेल, तर त्याचाही खर्च मागता येतो. ज्यांना घर सोडून लांब राहणे शक्य नाही, त्यांच्यासाठी ५ ते ३० दिवसांचा प्रत्यक्ष मुक्काम आणि उरलेला अभ्यास ऑनलाइन, असे छोटे कार्यक्रम निघाले. ही तरतूद वरवर किरकोळ वाटते, पण दार खरे उघडले ते तिनेच.

सप्टेंबर २०१७ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्राँ यांनी सॉर्बोनमधल्या भाषणात ‘युरोपीय विद्यापीठां’ची कल्पना मांडली. निरनिराळ्या देशांतल्या विद्यापीठांनी कायमची मोट बांधायची. २०१९ मध्ये अशा १७ आघाड्या निवडल्या गेल्या. आता त्या ६५ आहेत आणि त्यांत ५७० हून अधिक संस्था आहेत. प्रत्येक आघाडीला चार वर्षांसाठी जास्तीत जास्त १ कोटी ४४ लाख युरो.

यांतली ‘युनिता’ ही आघाडी मराठी वाचकाने जरूर जवळून पाहावी. राजधानीतली बडी विद्यापीठे यात नाहीत. इटलीतले तोरिनो, स्पेनमधले सारागोसा, फ्रान्समधली पो आणि साव्वा माँ ब्लाँ, रुमानियातले तिमिश्वारा आणि पोर्तुगालच्या कोविल्याँ गावातले बेइरा इंतेरियोर यांनी तिची सुरुवात केली. बहुतेक ठिकाणे डोंगरांच्या आसपासची. कोविल्याँ हे लोकरीच्या कापडाचे गाव. १७६४ मध्ये पोर्तुगालचे तेव्हाचे मंत्री मार्क्विस द पोंबाल यांच्या काळात उभ्या राहिलेल्या सरकारी कापड कारखान्याच्या इमारतीत आज विद्यापीठ भरते. कापड रंगवण्याच्या जुन्या दगडी कुंडांचे अवशेष संग्रहालय म्हणून जपलेले आहेत. गिरणगावातल्या गिरण्यांच्या जागी मॉल उभे राहिलेले पाहिलेल्या माणसाला हे वाचून चुटपुट लागल्यावाचून राहणार नाही.

युनिताचा विशेष म्हणजे भाषेचा व्यवहार. इटालियन, स्पॅनिश, फ्रेंच, पोर्तुगीज, रुमानियन या लॅटिनच्या लेकी. प्रत्येकाने आपल्या भाषेत बोलावे, दुसऱ्याची समजून घ्यावी, अशी सवय इथे शिकवून लावली जाते. इटालियन बोलणाऱ्याला प्रश्न पोर्तुगीजमध्ये आला तरी संवाद चालू राहतो. इंग्रजी कच्चे आहे म्हणून खेड्यातला मुलगा मागे बसत नाही. शिवाय विद्यार्थ्यांना छोट्या गावांतल्या नगरपालिका आणि व्यवसायांत काम शिकायला पाठवण्याचा कार्यक्रमही आहे. तरुण माणसे निघून गेल्याने ओस पडत चाललेल्या गावांना त्याचे मोल फार.

समावेशनाची दुसरी बाजू डब्लिनमध्ये दिसते. डब्लिन सिटी युनिव्हर्सिटीने २०१८ मध्ये ‘ॲज-आय-ॲम’ या संस्थेबरोबर काम करून स्वतःला स्वमग्न विद्यार्थ्यांसाठी अनुकूल केले. असा मान मिळवणारे ते जगातले पहिले विद्यापीठ. गोंगाट असह्य झाला तर टेकायला शांत जागा आणि नव्या विद्यार्थ्याला वातावरणाची आधी ओळख, इतक्या साध्या गोष्टींपासून हे काम सुरू होते. हेच विद्यापीठ ‘ईसीआययू’ या आघाडीत आहे. तिथे शहरे आणि उद्योग खरेखुरे प्रश्न मांडतात आणि निरनिराळ्या देशांतले विद्यार्थी गट करून ते सोडवतात.

आणि ज्यांच्याकडे कागदच नाहीत? घर सोडून पळालेल्या निर्वासिताच्या पिशवीत गुणपत्रिका असतेच असे नाही. नॉर्वेच्या अनुभवावर आधारून युरोप परिषदेने २०१७ मध्ये ग्रीसमध्ये निर्वासितांसाठी ‘पात्रता पारपत्र’ आजमावायला सुरुवात केली. हाती असतील ते कागद तपासायचे, जाणकारांनी मुलाखत घ्यायची आणि या माणसाचे शिक्षण बहुधा इथवर झाले आहे असा लेखी निर्वाळा द्यायचा. १९५८ मध्ये पदवी हातात असलेल्या मुलीला परत पाठवणारा युरोप इथवर आला, हे या सगळ्या खटाटोपाचे सर्वांत मोठे यश म्हणायला हवे.

गाडी अडते ती कायद्यांपाशी. ‘चार्म-ईयू’ या आघाडीने २०२१ मध्ये शाश्वततेवरचा संयुक्त पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला खरा, पण अनेक देशांच्या मान्यतेचे वेगवेगळे नियम सांभाळणे हे अशा प्रत्येक अभ्यासक्रमाचे दुखणे आहे. युरोपीय आयोगाने मार्च २०२४ मध्ये ‘युरोपीय पदवी’चा आराखडा मांडला तो त्यासाठीच. राजकारणाची झळही बसते. स्थलांतरावरच्या सार्वमतानंतर २०१४ मध्ये स्वित्झर्लंड इरास्मसच्या बाहेर गेले. डिसेंबर २०२२ मध्ये हंगेरीतल्या विश्वस्त संस्थांच्या ताब्यातल्या विद्यापीठांशी इरास्मसचे नवे करार थांबले. भांडण सरकारांचे, भुर्दंड विद्यार्थ्यांना.

आपल्याकडे २०२१ पासून शैक्षणिक श्रेयांक बँक आहे, आणि २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात वर्षाला १,२०० तासांचे ४० श्रेयांक धरले आहेत. मोजमाप झाले, आता व्यवहार हवा. मुंबई, पुणे, कोल्हापूर, नांदेड आणि गोवा इथल्या विद्यापीठांनी निदान एकमेकांपुरता तीन सह्यांचा तो करार सुरू करावा, आणि गडचिरोलीच्या मुलीला एक सत्र पणजीत शिकता यावे म्हणून भाड्याच्या पैशाची तरतूद त्याच करारात लिहावी.