गाडीचा जोर एकाएकी गेला तर



या पानावर मी एरवी बेणे, खोडवा, ठिबक याविषयी लिहितो. आजचा विषय गाडीचा आहे, पण शेवटी तो आपल्या उसापाशीच येतो.

पावसाळा सरल्यावर आईला तपासणीसाठी नवी मुंबईला नेत होतो. गाडी जुनी, कार्बोरेटरची मारुती ८००. घाट उतरून पनवेलपर्यंत तक्रार नव्हती. नेरूळजवळ उड्डाणपूल चढताना मात्र ॲक्सिलरेटर दाबला तरी गाडी ओढेना. मागे ट्रकांचे हॉर्न, शेजारी आई घाबरलेली. कशीबशी कडेला घेतली.

पहिला गॅरेजवाला म्हणाला, "रिंगा गेल्या, इंजिन उतरवावे लागेल." दुसऱ्या, वयस्कर मिस्त्रीने आधी विचारले, "साहेब, गाडी किती दिवस उभी होती?" अर्धे निदान त्या प्रश्नातच झाले.

ऊस पिवळा पडला की आपण लगेच युरियाचे पोते फोडतो. मुळाशी पाणी साचले आहे का, की लोह कमी पडून केवडा आला आहे, हे पाहत नाही. गाडीचेही तसेच. स्वस्त तपासणी आधी, इंजिन शेवटी. क्रम असा ठेवावा :

१. दोष इंजिनचाच आहे का? इंजिनचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच घसरतो आहे. एकच चाक फार तापले असेल, तर ब्रेक धरून बसला आहे.

२. तापमानाचा काटा वर गेला असेल तर ताबडतोब थांबा. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नका.

३. हवा : एअर फिल्टर धुळीने गच्च झाला आहे का पाहा.

४. ठिणगी : इंजिन थरथरत असेल, तर ते थंड झाल्यावर प्लग काढा. एकच प्लग पेट्रोलने ओला असेल, तर तिथे ठिणगी पडत नाही. सगळ्यांवर कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. पांढरट रंग म्हणजे पेट्रोल कमी.

५. पेट्रोल : गाडी उभ्याने नीट चालते, सपाटीला ओढते, पण चढाला दम तोडते, तर पेट्रोल पुरत नाही. बिडीकाडी लांब ठेवून फिल्टर, रबरी नळी, पंप या क्रमाने पाहा.

माझ्या गाडीच्या फिल्टरमध्ये तपकिरी गाळ निघाला. तीन महिने ती अर्ध्या टाकीवर उभी होती. नवा फिल्टर बसवला, टाकी धुतली, काम झाले.

आता उसाचा संबंध. फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले. त्यात आपल्या उसाचाही वाटा आहे, म्हणून त्याचे गुणदोष आपणच सरळ सांगितले पाहिजेत. इथेनॉल ओलावा ओढते, टाकीतला जुना मळ सोडवते आणि जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही. लिटरमागे त्याची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी, म्हणून ॲव्हरेज थोडे घटते. पण तेवढ्याने धावती गाडी चढावर एकाएकी बसत नाही. बसली, तर फिल्टर बघा.

जुनी गाडी असणाऱ्यांनी फिल्टर व नळ्या वेळेवर बदलाव्यात, गाडी महिनोन्महिने अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नये. आणि रिंगांचा खर्च कबूल करण्याआधी वरचे पाच मुद्दे तपासून घ्यावेत.

आपला,
ऊस विकास अधिकारी