तासाला तीनच उल्का, तरी गच्चीवर का जायचे?

‘उल्कावर्षाव’ हा शब्दच थोडा फसवा आहे. शिरूर-दौंडच्या आकाशात एप्रिल-मेमध्ये होणारे वर्षाव म्हणजे ठिणग्यांचा पाऊस नव्हे. त्यातला ‘ईटा लायरिड्स’ तर अगदीच किरकोळ. 8 ते 11 मेच्या सुमारास त्याचा भर असतो आणि तेव्हाही दर तासाला जेमतेम तीन. हा आकडासुद्धा आकाश पूर्ण काळे आणि उल्कांचा उगमबिंदू थेट डोक्यावर आहे, असे धरून काढलेला. प्रत्यक्षात तासाभरात एखादी दिसली तरी पुष्कळ.

पण तिच्यामागची गोष्ट मोठी आहे. 1983 मध्ये ‘आयरास’ उपग्रह, जपानचे अराकी आणि इंग्लंडचे जॉर्ज अल्कॉक यांनी एक धूमकेतू शोधला. शिक्षकी पेशातून निवृत्त झालेल्या अल्कॉक यांना तो घरातल्या बंद खिडकीच्या काचेतून, दुर्बिणीने दिसला होता! त्याच वर्षी 11 मे रोजी तो पृथ्वीपासून सुमारे 47 लाख किलोमीटरवरून, म्हणजे चंद्राच्या बारापट अंतरावरून गेला. त्याने मार्गात सांडलेल्या धुळीतून पृथ्वी दर मे महिन्यात जाते. हे बारीक कण सेकंदाला 40 किलोमीटरहून अधिक वेगाने वातावरणात शिरतात आणि साधारण 100 किलोमीटर उंचीवर जळतात. त्यालाच आपण ‘तारा तुटला’ म्हणतो.

ओळखायची कशी?

कुठल्याही रात्री काही भटक्या उल्का दिसतातच. म्हणून उल्का दिसली की तिची रेघ मनातल्या मनात मागे न्यायची. ती ईशान्येकडून वर येणाऱ्या अभिजित ताऱ्याच्या आसपास पोहोचली, तर ती बहुधा ईटा लायरिड. पूर्वेच्या कुंभ राशीकडे गेली, तर ‘ईटा अक्वेरिड’, म्हणजे हॅलेच्या धूमकेतूची धूळ. 5-6 मेच्या आसपास पहाटे तीन ते पावणेपाच ही तिची वेळ. 22 एप्रिलच्या सुमारास येणाऱ्या ‘लायरिड्स’चा उगमही अभिजितजवळच, त्या मध्यरात्रीनंतर पाहाव्यात.

पुण्याचा उजेड आपल्या पश्चिमेला राहतो, हे इथले भाग्य. रांजणगाव किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीचे दिवे पाठीशी ठेवा. पंचांगात अमावस्या जवळ आहे का, तेही पाहा. चांदण्यात मंद उल्का दिसत नाहीत. डोळे अंधाराला सरावायला वीसेक मिनिटे लागतात आणि मोबाइल एकदा उघडला की ती मेहनत वाया जाते.

शेतात नको

‘गावाबाहेर मोकळ्या रानात आडवे पडून पाहा,’ हा सल्ला सगळीकडे मिळतो. आपल्या ऊसपट्ट्यात तो पाळू नका. ऑक्टोबर-नोव्हेंबर 2025 मध्ये शिरूरच्या पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत मुलांचाही जीव गेला. रात्रीच्या विजेवर पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्याला इलाज नसतो. उल्का पाहणाऱ्याला असतो. कठडा असलेली स्लॅबची गच्ची, जिन्याचे दार बंद आणि सोबतीला कोणीतरी, एवढे पुरे.

वही-पेन्सिल मात्र न्या. वेळ, दिशा, ढग किती, उल्का किती, एवढेच टिपायचे. 1988 मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय उल्का संघटना हौशी निरीक्षकांच्या अशाच नोंदी गोळा करते. पुण्यात 1944 पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे. नवख्यांनी तिथे विचारावे. तासाभरात एकही उल्का दिसली नाही, तर रकान्यात शून्य लिहा. किरकोळ वर्षावांच्या हिशेबात तोही आकडा धरला जातो.