शेतातून जाणारी टॉवर लाईन : खुणा पडण्याआधी काय करावे



पावसाळा सरल्यापासून गट कार्यालयात येणाऱ्या सभासदांच्या तोंडी एकच विषय आहे. मोजणीची माणसे तिकाटणे लावून रानात फिरत आहेत, कुणाच्या बांधावर चुन्याची फुली आहे, कुणाच्या उसात खुंटी मारली आहे. नवी टॉवर लाईन येणार म्हणतात. आता ऊस लावायचा की नाही, जमीन जाणार की राहणार, सही करायची की माणसांना हाकलून द्यायचे, असे प्रश्न आमच्या शेतकी खात्याला रोज ऐकावे लागतात. चिटबॉयला विचारून याचा उलगडा होणार नाही, म्हणून या अंकात थोडे सविस्तर लिहीत आहोत.

आरंभी आमचीच एक चूक सांगतो. आपल्या सहवीज प्रकल्पाची वीज ग्रीडला देण्यासाठी 132 केव्हीची लाईन टाकली, तेव्हा आखणी कंत्राटदाराच्या माणसांनी केली. नकाशा सभेपुढे आला आणि मंजूर झाला. ज्यांच्या रानावरून लाईन जायची होती त्यांना मात्र खड्डे खणणारी माणसे आली तेव्हाच कळले. एका सभासदाच्या सव्वा एकराच्या पट्टीत मनोरा नेमका मधोमध उभा राहिला. बांध तिथून बारा-तेरा पावलांवर! आजही त्यांना नांगरट करताना ट्रॅक्टर चारी बाजूंनी वळवावा लागतो, सरी तुटते, आणि ठिबकच्या नळ्या वळसा घालून न्याव्या लागतात. ते आम्हाला एवढेच म्हणाले, "एक शब्द विचारला असता तर मी जागा दाखवली असती." त्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही.

लाईनची आखणी कशी होते ते आधी समजून घेऊ. दोन उपकेंद्रे ठरली की कागदावर त्यांना जोडणारी सरळ रेघ ओढतात. मग गावठाण, नदी, तलाव, जंगल, विमानतळ, जुन्या लाईनी टाळून दोन-तीन पर्याय काढतात आणि त्यांतला एक पायी फिरून पाहतात. या टप्प्यावर जिथे रेघ वळणार ती ठिकाणे पक्की होतात. त्यांना वळणबिंदू म्हणू. दोन वळणबिंदूंमध्ये लाईन दोरी ताणल्यासारखी सरळ जाते. त्यानंतर तपशीलवार मोजणी होते, जमिनीचा चढउतार काढतात, तारेला किती झोळ पडेल याचा हिशेब होतो आणि मनोऱ्यांच्या जागा ठरतात. 220 केव्हीच्या लाईनवर दोन मनोऱ्यांत साधारण साडेतीनशे मीटर अंतर असते.

आता यातली गोम अशी, की मनोरा रेघेच्या दिशेने पुढेमागे सरकवणे तुलनेने सोपे असते. दहा-वीस मीटर सरकला तर झोळाचा हिशेब पुन्हा करायचा, शेजारचा मनोरा थोडा उंच घ्यायचा, काम भागते. बाजूला सरकवणे मात्र निराळे. मनोरा रेघेबाहेर गेला की लाईनला कोन पडतो. कोनावरच्या मनोऱ्याला तारांचा ओढ सोसावा लागतो, त्यामुळे त्याला लोखंड जास्त, पाया मोठा आणि खर्चही मोठा. शिवाय तुमच्या रानातून सुटलेली रेघ शेजाऱ्याच्या विहिरीवर जाते. म्हणून "माझ्या शेतातून नको" असे म्हणणाऱ्याला अधिकारी दाद देत नाहीत, पण "याच रेघेवर पंधरा मीटर पुढे माझा बांध आहे, तिथे घ्या" असे सांगणाऱ्याचे बहुधा ऐकतात. मात्र हे बोलणे मनोऱ्याच्या जागा ठरण्यापूर्वी व्हायला हवे. आणि अख्खी रेघच गावाच्या बागायतीतून माळावर न्यायची असेल, तर त्याहीपूर्वी, वळणबिंदू ठरताना. पाया भरल्यावर कुणीही काही हलवत नाही.

आपल्या दोन गावांचा अनुभव याच वर्षीचा आहे. एका गावाने मोजणीवाल्यांना पाणंदीवरूनच परत पाठवले. गावाला वाटले, लाईन टळली. पुढे मोजणी पोलीस बंदोबस्तात झाली आणि विहिरी, पाईपलाईन, पाट कुठे आहेत हे सांगायला गावचे कुणीच नव्हते. दुसऱ्या गावात दहाबारा शेतकरी सातबारा आणि गावनकाशा घेऊन मोजणीबरोबर चालत गेले. त्यांच्या सात मनोऱ्यांपैकी चार बांधावर किंवा पाणंदीच्या कडेला आले. उरलेले तीन रानातच आहेत, तेही खरे.

कायदा काय म्हणतो? इथे स्पष्ट बोललेले बरे. 2003 च्या विद्युत कायद्याच्या कलम 164 खाली लाईन टाकणाऱ्या संस्थेला 1885 च्या टेलिग्राफ कायद्यातील अधिकार देता येतात. 2023 च्या दूरसंचार कायद्यात जुना टेलिग्राफ कायदा रद्द करण्याची तरतूद आहे, तरी वीजवाहिन्यांपुरता त्याचा तिसरा भाग चालू ठेवला आहे. असे अधिकार मिळालेल्या संस्थेला जमीनमालकाची आगाऊ संमती लागत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली दिलेला आहे. कुणी अडवले तर जिल्हादंडाधिकारी आदेश देऊ शकतात. तेव्हा "सही दिली नाही म्हणजे लाईन येत नाही" या भरवशावर कुणी राहू नये.

पण त्याच कायद्याची दुसरी बाजूही आहे. जमीन संपादित होत नाही, सातबारा तुमच्याच नावावर राहतो, संस्थेला फक्त वापराचा हक्क मिळतो. नुकसान होता होईल तो कमी करावे आणि झालेल्या नुकसानीची पूर्ण भरपाई द्यावी, असे बंधन कलम 10 मध्ये आहे. भरपाई अपुरी वाटली तर कलम 16 खाली जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज करता येतो. केरळच्या वीज मंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2007 साली सांगितले, की अशा भरपाईला एकच ठोकळ सूत्र नाही. जमीन कुठे आहे, तार कशी जाते, तुकडा लहान आहे की मोठा, हे पाहून रक्कम ठरवावी. एकरभराच्या मालकाला याचा आधार मोठा आहे.

पैशांचा हिशेब करताना आपली माणसे एकाच जागी फसतात. सगळे भांडण मनोऱ्याच्या चार पायांवर होते, वरून जाणाऱ्या तारेचा कुणी विचारच करत नाही. 132 केव्हीला तारेखालचा पट्टा 27 मीटर रुंद धरतात, 220 केव्हीला 35 आणि 400 केव्हीला 46. समजा 220 केव्हीची लाईन तुमच्या रानावरून शंभर मीटर जाते. पट्टा झाला 3,500 चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ 35 गुंठे! मनोऱ्याची बैठक दहा मीटर बाय दहा मीटर असली तर तो जेमतेम एक गुंठा. केंद्र सरकारच्या वीज मंत्रालयाने 2015 साली मनोऱ्याच्या जागेसाठी जमिनीच्या किमतीच्या 85 टक्के आणि पट्ट्यासाठी जास्तीत जास्त 15 टक्के भरपाई सुचवली होती. जून 2024 मध्ये ते प्रमाण मनोऱ्याला 200 टक्के आणि पट्ट्याला 30 टक्के झाले. मनोऱ्याची बैठकही चारी बाजूंनी एकेक मीटर वाढवून धरायची आहे. वरच्या उदाहरणात बैठक 144 चौरस मीटर होईल. गुंठ्याचा भाव एक रुपया धरला तर मनोऱ्याचे मिळतात सुमारे पावणेतीन रुपये आणि पट्ट्याचे सुमारे साडेदहा. आता सांगा, मोजणी कशाची नीट करून घ्यायची?

ही केंद्राची सूचना आंतरराज्य लाईनींसाठी आहे. राज्यातल्या राज्यात जाणाऱ्या लाईनीला राज्य शासनाचा निर्णय लागू होतो. म्हणून लाईन कुणाची आणि कोणत्या निर्णयाने पैसे मिळणार, तो क्रमांक व तारीख लेखी मागावी. पिकाची आणि झाडांची भरपाई याहून वेगळी असते. पाया खणताना, मनोरा उभारताना आणि तार ओढताना, असे तीन वेळा पीक तुडवले जाते. प्रत्येक वेळी पंचनामा करून त्याची प्रत घ्यावी. आडसाली, पूर्वहंगामी की खोडवा हे त्यात नमूद असावे. आपली ऊसनोंद आणि मागच्या हंगामाच्या वजनपावत्या इथे पुरावा म्हणून उपयोगी पडतात, त्यांच्या नकला गट कार्यालयातून मिळतील.

विचारपूस न करता आखलेली लाईन किती महाग पडते याचे एक उदाहरण सहकारातलेच आहे, म्हणून सांगतो. अमेरिकेत नॉर्थ डाकोटातील कोळशाची वीज मिनेसोटात आणण्यासाठी दोन सहकारी वीज संस्थांनी 1970 च्या दशकात चारशेहून अधिक मैलांची लाईन आखली. तिकडच्या या वीज संस्था मुळात शेतकऱ्यांनीच उभ्या केलेल्या. सुनावण्या झाल्या, पण रेघ आधीच ठरली आहे आणि आम्हाला नुसते बसवून ठेवले आहे, अशी शेतकऱ्यांची भावना झाली. 1976 मध्ये त्यांनी मोजणी अडवली. न्यायालयात ते हरले. 1978 च्या कडक हिवाळ्यात राज्यपालांनी सुमारे दोनशे पोलीस शिवारात पाठवले. लाईन पूर्ण झाली आणि मग रात्री-अपरात्री मनोऱ्यांचे बोल्ट सैल होऊ लागले. डझनाहून जास्त मनोरे कोसळले. लाईन अखेर चालू राहिलीच, शेतकरीही हरले आणि संस्थांची पतही गेली. त्या राज्याने 1977 मध्ये एक वेगळी तरतूद केली, की मोठी लाईन येते त्या शेतकऱ्याने मागणी केल्यास संस्थेने त्याची सलग जमीन पूर्णच विकत घ्यावी. आपल्याकडे असे काही नाही.

लाईन आल्यावर खाली काय करता येते? ऊस घेता येतो. 220 केव्हीच्या तारेचे जमिनीपासूनचे किमान अंतर सात मीटर असते. नारळ, आंबा, साग, बांबू मात्र पट्ट्यात ठेवू देत नाहीत. घर, गोठा बांधता येत नाही. तारेखाली बोअरची गाडी उभी करू नये, आणि सहा मीटरचा अॅल्युमिनियमचा पाईप उभा धरू नये. तारेला हात लागायची गरज नाही, नुसते जवळ गेले तरी वीज उडी घेते. तारेचे कुंपण लाईनला समांतर असेल तर त्याला अर्थिंग करून घ्यावे.

आणि पाचट. पट्ट्यात पाचट किंवा उभा ऊस पेटवला तर ज्वाळा आणि धूर यांतून वीज खाली उतरते, लाईन बंद पडते, जवळ उभ्या माणसाच्या जिवावर बेतते. जळित उसाला कपात आहेच, पण तारेखालचा प्लॉट असेल तर तोडणी टोळीला चिटबॉयने आधी बजावावे, अशी सूचना शेतकी खात्याला दिली आहे.

ज्या गावांत अजून वळणबिंदू ठरलेले नाहीत, तिथल्या सभासदांनी सातबारा, आठ-अ, विहिरीची आणि पाईपलाईनची जागा दाखवणारा हाती काढलेला नकाशा घेऊन गट कार्यालयात यावे. वर्तमानपत्रात लाईनची जाहीर नोटीस आली असेल तर ते कात्रणही आणावे. सर्वांचे नकाशे एकत्र जोडून लाईनवाल्या संस्थेला द्यायचे आणि मोजणीच्या दिवशी आमचा एक शेतकी अधिकारी बरोबर पाठवायचा, असे ठरले आहे.