आकडा काय सांगतो आणि काय लपवतो?

भंडाऱ्याहून साकोलीकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर लाखनी हे तालुक्याचे गाव आहे. तेथील काही महाविद्यालयीन विद्यार्थ्यांशी मध्यंतरी आमचे बोलणे झाले. कोणी बी.ए.ला अर्थशास्त्र घेतलेले, कोणी बी.कॉम.चे, कोणी स्पर्धा परीक्षेच्या मागे लागलेले. सर्वांत जड विषय कोणता, असे विचारताच एकसुरात उत्तर आले, "सांख्यिकी!" एक मुलगी म्हणाली, "सर, सूत्र पाठ होते, गणित सुटते, मार्कही मिळतात. पण हे सारे कशासाठी, ते कोणी सांगत नाही."

तिचा प्रश्न रास्त आहे. ज्या समाजाला शतकानुशतके हिशेबाच्या वहीपासून दूर ठेवले गेले, त्या समाजाच्या मुलांनी आकडे कशासाठी शिकायचे, हे समजून घेतलेच पाहिजे. म्हणून तिचे उत्तर आम्ही लाखनीच्या धानाच्या बांधीतूनच देऊ.

समजा, एका गावात दहा शेतकरी आहेत. नऊ जणांकडे प्रत्येकी एक एकर जमीन आणि दहाव्याकडे ४१ एकर. एकूण ५० एकर. भागिले दहा, म्हणजे सरासरी पाच एकर. अहवालात लिहिले जाईल, 'या गावात दर शेतकऱ्यामागे पाच एकर जमीन आहे.' गणितात काडीची चूक नाही. पण त्या गावात पाच एकरवाला शेतकरी एक तरी आहे काय? एकही नाही! आता याच दहा जणांना जमिनीच्या चढत्या क्रमाने रांगेत उभे करा आणि मधल्या दोघांना विचारा. ते सांगतील, एक एकर. याला मध्यक म्हणतात. सर्वांत जास्त वेळा येणारी संख्याही एकच. तिला बहुलक म्हणतात. सरासरी, म्हणजे पुस्तकातला मध्य, एका धनवानाच्या जोरावर वर चढतो. मध्यक मात्र सामान्य माणसाजवळ उभा राहतो.

येथेच थांबू नका. त्या गावात दहा भूमिहीन मजुरांची घरेही आहेत, असे धरा. त्यांना हिशेबात घेतले की सरासरी पाचवरून अडीच एकरावर येते, मध्यक अर्ध्या एकरावर येतो आणि बहुलक होतो शून्य! जमीन तीच, गाव तेच. फरक एवढाच, की आधी या माणसांना मोजलेच नव्हते. म्हणून कोणतीही सरासरी समोर आली, की पहिला प्रश्न विचारा : कोणाला मोजले आणि कोणाला वगळले?

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. १९१८ साली बाबासाहेबांनी भारतातील लहान शेतजमिनी आणि त्यांवरील उपाय या विषयावर निबंध लिहिला. जमिनीचे तुकडे लहान आहेत म्हणून शेती दरिद्री आहे, ते एकत्र केले की भागेल, अशी त्या काळच्या अनेक जाणत्यांची समजूत होती. बाबासाहेबांनी विचारले, लहान म्हणजे कशाच्या मानाने लहान? नुसत्या एकरांवरून शेत लहान की मोठे ते ठरत नाही. त्यावर किती भांडवल आणि किती मजुरी लागते, त्या प्रमाणात ते ठरते. खरे दुखणे भांडवलाच्या तुटवड्यात आणि शेतीवर पडलेल्या माणसांच्या भारात आहे. त्यावर उपाय म्हणून त्यांनी औद्योगिकीकरण सुचवले. आकडा वाचायचा तो असा, त्याच्या मानेवर हात ठेवून!

आता दुसरी गोष्ट. पुस्तकात तिला परिकल्पना चाचणी म्हणतात आणि मुले तिलाच सर्वांत जास्त घाबरतात. वास्तविक ती कोर्टकचेरी पाहिलेल्या कोणालाही समजेल. आरोपी निर्दोष आहे, असे कोर्ट आधी धरून चालते. मग पुरावा पाहते. सांख्यिकीही तेच करते. 'वेगळे काही घडलेले नाही, जे दिसते तो योगायोग आहे,' असे आधी धरायचे. हीच शून्य परिकल्पना. मग विचारायचे, की नुसत्या योगायोगाने असे दिसण्याची शक्यता किती?

उदाहरण घ्या. एका कामावर दहा माणसे घ्यायची आहेत. दोन वस्त्यांतून सारखेच, शेकड्यांनी अर्ज आले. पुढारी म्हणतात, 'आम्ही चिठ्ठ्या टाकून निवड केली.' निकाल लागतो, तेव्हा दहापैकी नऊ जण त्यांच्याच वस्तीतले! चिठ्ठी प्रामाणिक असेल, तर त्या वस्तीचे नऊ किंवा दहा जण निघण्याची शक्यता १०२४ पैकी ११, म्हणजे शंभरात सुमारे एक. सांख्यिकीत बहुधा शंभरात पाचची रेषा धरतात. ही रेषा माणसांनी संकेताने आखलेली आहे, ती काही दगडावर कोरलेली नाही. निकालाची शक्यता तिच्या खाली गेली, की योगायोगाचा दावा नाकारून चौकशी मागता येते. मात्र येथे 'लबाडी ९९ टक्के सिद्ध झाली' असे म्हणणे चूक आहे. अर्थ एवढाच, की चिठ्ठी खरी असती तर असा निकाल क्वचितच लागला असता.

आणि दहापैकी सात निघाले असते तर? त्या वस्तीचे सात किंवा अधिक जण निघण्याची शक्यता शंभरात १७ आहे. सुमारे सहा वेळांत एकदा असे सहज घडू शकते. तेवढ्यावरून मोर्चा काढला, तर समोरचा आपले हसे करील. पण पुरावा अपुरा पडला म्हणून पुढारी धुतल्या तांदळाचे ठरत नाहीत. अशा वेळी आणखी निवडींच्या याद्या मागवायच्या आणि पुन्हा मोजायचे.

या रीतीचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. हर्बर्ट रिस्ले हा इंग्रज अधिकारी १९०१ च्या जनगणनेचा प्रमुख होता. त्याने माणसांची नाके मोजली आणि सिद्धांत मांडला, की नाक जितके रुंद, तितकी जात खालची. जात म्हणजे वंश, असे जणू शास्त्रानेच सांगितले! पुढे कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३३ मध्ये रिस्लेच्या बंगालमधील मोजमापांची फेरछाननी केली.

बाबासाहेबांनी १९४८ च्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात हाच दावा कसोटीला लावला. अस्पृश्यता वंशभेदातून आली असेल, तर ब्राह्मण आणि अस्पृश्य यांच्या मोजमापांत तसा भेद दिसला पाहिजे. त्यांनी डॉ. घुर्ये यांनी दिलेले नाकांचे आकडे समोर ठेवले आणि निष्कर्ष काढला, की दोघेही एकाच वंशाचे ठरतात. पुस्तकी सार्थकता चाचणीची सूत्रे त्यांनी वापरली नाहीत, पण विचाराची रीत तीच होती. शिवाय त्यांनी अट घातली : मानवमिती हे वंश ठरवण्याचे भरवशाचे शास्त्र असेल तर! आज ते तसे मानले जात नाही. म्हणजे विरोधकाचे हत्यार घेऊन त्याचाच दावा पाडला आणि त्या हत्याराविषयीची शंकाही नोंदवून ठेवली. याला म्हणतात बौद्धिक प्रामाणिकपणा.

जुन्या गोष्टी कशाला, असे कोणी म्हणेल. तर मग अलीकडची आणि याच जिल्ह्यातली घ्या. ४ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की स्थानिक स्वराज्य संस्थांतील ओबीसी आरक्षणासाठी प्रत्यक्ष पाहणीतून मिळालेली आकडेवारी हवी. सरकारजवळ ती नव्हती. परिणाम काय झाला? भंडारा जिल्हा परिषदेच्या ओबीसी जागा वगळून २१ डिसेंबर २०२१ ला मतदान झाले आणि त्या जागा १८ जानेवारी २०२२ ला सर्वसाधारण म्हणून लढवल्या गेल्या. आकडा नव्हता म्हणून हक्क गेला! पुढे बांठिया आयोगाच्या अहवालानंतर जुलै २०२२ मध्ये आरक्षणाची वाट मोकळी झाली. परंतु त्या कामात आडनावावरून जात ठरवण्याच्या पद्धतीवर जोरदार आक्षेप आले. ते का आले, हे आपल्या भागात सांगायला नको. मेश्राम आडनाव बौद्धांत आहे आणि गोंड आदिवासींतही आहे. आडनाव वाचून माणूस मोजाल, तर नमुनाच खोटा निघेल. मग त्यावर कितीही मोठे सूत्र चालवा, उत्तर खोटेच येणार.

केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जनगणनेत जातनिहाय गणना करण्याचा निर्णय जाहीर केला. उद्या त्या आकड्यांवर रणे माजतील. प्रत्येक पक्ष आपल्या सोयीची सरासरी पुढे करील. त्या वेळी आपल्या बाजूने तक्ता वाचणारी माणसे किती असतील? केवळ भाषणांनी न्यायालयात दावा टिकत नाही. आणि आपल्याला आवडणारा आकडा तपासायचा नाही, असेही चालणार नाही. जी कसोटी विरोधकाला, तीच आपल्याला. चळवळीची पत त्यातूनच वाढते.

लाखनीच्या त्या मुलीला आमचे उत्तर एवढेच आहे. बाई, सूत्र पाठ कर, पण प्रत्येक आकड्याला तीन प्रश्न विचार. कोणाला मोजले? सरासरीच्या आड कोण दडले? हे नुसत्या योगायोगाने घडू शकते काय? ज्या दिवशी आपल्या वस्तीतली मुले ग्रामसभेत उभी राहून हे तीन प्रश्न विचारतील, त्या दिवशी सांख्यिकीचा तास सार्थकी लागला असे आम्ही समजू.