एवढंसं बाळ, एवढं मोठं विद्यापीठ

दहावीचा निकाल लागला की आपल्या कोल्हापुरात गल्लीगल्लीत एकच गडबड! ताई मोबाईलवर बैठक क्रमांक टाकते. पण तेवढ्यानं निकाल दिसत नाही बरं का, आईचं नावही टाकावं लागतं. पूर्वी मुलांच्या नावापुढं फक्त वडिलांचं नाव असायचं. आई कागदावर नसायचीच!

मुंबई विद्यापीठाच्या कागदावर आईला जागा मिळाली ती डॉ. स्नेहलता देशमुख यांच्यामुळं. 1995 ते 2000 या काळात त्या तिथं कुलगुरू, म्हणजे अख्ख्या विद्यापीठाच्या प्रमुख होत्या. आणि मूळच्या कोण? लहान बाळांची ऑपरेशनं करणाऱ्या डॉक्टर!

हे काम किती नाजूक, सांगू? नुकतं जन्मलेलं बाळ असतं साधारण 3 किलोचं. त्याच्या अंगात रक्त किती? जेमतेम 250 मिलिलिटर. पाणी प्यायचा एक पेला, बस्स! त्यातलं चमचाभर सांडलं तरी डॉक्टरांना हिशेब ठेवावा लागतो. शिवाय वजनाच्या मानानं बाळाची त्वचा मोठ्या माणसाच्या दुपटीहून जास्त, म्हणून ते झटकन गार पडतं. ऑपरेशनची खोली मुद्दाम उबदार ठेवतात. डॉक्टर घामाघूम झाले तरी चालतील, बाळ गारठता कामा नये! काही बाळांची अन्ननलिका पोटापर्यंत पोचलेलीच नसते, मध्येच बंद. दूध जाणार कुठून? मग अगदी बारीक दोऱ्यानं तिची टोकं जोडतात.

मुंबईच्या सायन हॉस्पिटलच्या त्या अधिष्ठाता, म्हणजे प्रमुखही होत्या. मला वाटतं, बाळाच्या उशाशी रात्र रात्र जागणाऱ्या आया ज्यांनी इतक्या जवळून पाहिल्या, त्यांना आईविना लिहिलेलं नाव अपुरंच वाटणार.

बायकांना विद्यापीठाच्या प्रमुखपदापर्यंत पोचायलाही खूप वर्षं लागली. मुंबई विद्यापीठ 1857 सालचं. आपल्या राजाराम कॉलेजची मुलंही एकेकाळी त्याचीच परीक्षा देत. तिथं पहिल्या महिला कुलगुरू, मेहरू बेंगाली, यायला जवळजवळ 130 वर्षं लागली. अमेरिकेत तर ब्राऊन विद्यापीठ 1764 सालचं, पण रूथ सिमन्स ही कृष्णवर्णीय शेतमजुरांची लेक त्याची अध्यक्ष झाली ती 2001 मध्ये. बारा भावंडांतली सगळ्यात धाकटी!

जुलै 2024 मध्ये स्नेहलताबाई गेल्या. आता तुम्ही एक करा. शाळेचा कागद हातात आला की आईचं नाव नीट वाचा. एखादी वेलांटी चुकली असेल, तर लगेच वर्गातल्या बाईंना सांगून दुरुस्त करून घ्या.