पोलीस केसची नोंद आणि पर्यटक व्हिसा

परदेशगमन ही आता आपल्या समाजात नवलाची गोष्ट राहिलेली नाही. बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले, त्यानंतर आज आपली कितीतरी मुले-मुली परदेशात शिकत आहेत. त्यांच्या पदवीदान समारंभाला आईवडिलांना जावेसे वाटते. लंडनमध्ये १०, किंग हेन्रीज रोड येथील ज्या घरात बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहत होते, ते महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले. ते पाहावे, जपानमधील बौद्ध विहारे पाहावीत, अशीही पुष्कळांची इच्छा असते. नेपाळात लुंबिनीला जाण्यास भारतीय नागरिकाला व्हिसा लागत नाही. पण अमेरिका, ब्रिटन, जपान या देशांचा पर्यटक व्हिसा आधी काढावा लागतो.

आणि येथेच आपल्यापैकी अनेकांचा हात अडखळतो. १९७८ ते १९९४ या नामांतराच्या लढ्यात आणि त्यानंतरच्या मोर्चा, बंद, रेल रोकोत हजारो कार्यकर्त्यांवर केसेस झाल्या. काहींच्या नावावर शेजाऱ्याशी झालेली मारामारी असते, तर काहींच्या नावावर वसतिगृहातील भांडण. व्हिसाच्या फॉर्ममध्ये "आपणास कधी अटक अथवा शिक्षा झाली आहे काय?" अशा अर्थाचा प्रश्न समोर येतो. एजंट म्हणतो, "नाही टाका साहेब, कोण बघतो?" कोणी त्याचे ऐकून 'नाही' टाकतो, तर कोणी घाबरून अर्जच करीत नाही. आमच्या मते या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. जुनी नोंद दार कायमचे बंद करते असे फार थोड्या वेळा घडते. खोटे उत्तर मात्र ते बंद करू शकते. हे कसे, ते समजावून सांगणे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

'नोंद' म्हणजे नेमके काय?

आपण बोलताना "त्याच्यावर केस आहे" असे सरसकट म्हणतो. कायद्यात मात्र निरनिराळ्या पायऱ्या आहेत. एफआयआर म्हणजे केवळ तक्रारीची नोंद. अटक ही दुसरी गोष्ट. बंदच्या आदल्या रात्री कार्यकर्त्यांना उचलून नेतात, ती प्रतिबंधक अटक. आणि शांतता राखण्याचे बंधपत्र लिहून घेतात, ती चॅप्टर केस. या दोन्हींत गुन्हा शाबीत होत नाही. त्यानंतर दोषारोपपत्र दाखल होते व खटला चालतो. शेवटी एक तर निर्दोष मुक्तता होते, नाही तर दोषसिद्धी होऊन दंड किंवा कारावास होतो.

खटला मागे घेतला जाणे ही आणखी निराळी गोष्ट. आंदोलनातील खटले मागे घेण्याचा निर्णय शासनाने जाहीर केला म्हणजे आपली केस संपली, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात सरकारी वकिलाला न्यायालयात अर्ज करावा लागतो व न्यायालयाची संमती घ्यावी लागते. तसा आदेश झाला नसेल, तर वर्तमानपत्रात बातमी येऊनही खटला कागदोपत्री जिवंत राहतो. म्हणून आपली केस कोणत्या पायरीवर थांबली, हे प्रत्येकाने आधी शोधून काढावे.

आधी पासपोर्ट

व्हिसाच्या आधी पासपोर्ट. १९६७ च्या पासपोर्ट कायद्याच्या कलम ६ प्रमाणे दोन गोष्टी आडव्या येतात. पहिली, अर्जापूर्वीच्या पाच वर्षांत नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यासाठी दोन वर्षे किंवा अधिक कारावासाची शिक्षा झालेली असणे. दुसरी, फौजदारी न्यायालयात खटला प्रलंबित असणे. खटला प्रलंबित असला तरी मार्ग आहे. २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेप्रमाणे, ज्या न्यायालयात खटला चालू आहे त्याची परवानगी आणली तर पासपोर्ट मिळू शकतो. न्यायालयाने आदेशात मुदत लिहिली नाही तर तो एक वर्षापुरता मिळतो. म्हणून परवानगी मागतानाच मुदत स्पष्ट मागावी. नुसता एफआयआर झाला आहे, तपास चालू आहे, पण न्यायालयाने दखल घेतलेली नाही, अशा स्थितीत खटला प्रलंबित आहे असे धरले जात नाही.

आम्ही बँकेत काम करतो, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. चेक न वटल्याची, म्हणजे कलम १३८ ची केस लोकांना केवळ पैशाचा व्यवहार वाटते. पण ती न्यायदंडाधिकाऱ्यापुढे चालते, तीत दोन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो आणि ती फौजदारी खटलाच आहे. पासपोर्टच्या अर्जात ती दडवू नये. खोटी माहिती दिल्यास त्याच कायद्याच्या कलम १२ प्रमाणे दोन वर्षांपर्यंत कारावास, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

अमेरिकेचा फॉर्म काय विचारतो?

अमेरिकेच्या पर्यटक व्हिसासाठी डीएस-१६० नावाचा फॉर्म संगणकावर भरावा लागतो. त्यात केवळ शिक्षेविषयी नव्हे, तर अटकेविषयीही विचारलेले असते. पुढे माफी मिळाली असली तरीही. म्हणजे निर्दोष सुटलेल्याने आणि खटला मागे घेतला गेलेल्यानेही, अटक झाली असेल तर 'होय' असेच उत्तर द्यायचे. 'होय' म्हटले की खुलाशासाठी जागा मिळते. तेथे वर्ष, ठिकाण, कलम व निकाल एवढे चार-पाच ओळींत लिहावे. 'होय' म्हणजे नकार नव्हे. पुढच्या चौकशीचे ते निमित्त असते.

आता कोणता गुन्हा आडवा येतो ते पाहू. तेथील कायद्यात मुख्यतः दोन प्रकार आहेत : अमली पदार्थांचे गुन्हे, आणि नैतिक अधःपतनाचे गुन्हे, म्हणजे चोरी, फसवणूक, बनावट दस्तऐवज, गंभीर हिंसा इत्यादी. याशिवाय दोन किंवा अधिक गुन्ह्यांत मिळून एकूण पाच वर्षे किंवा अधिक कारावासाची शिक्षा झाली असेल, तर गुन्हा कोणताही असला तरी अडचण येते. जमावबंदीचा आदेश मोडणे, विनापरवाना मोर्चा काढणे हे सामान्यतः नैतिक अधःपतनात बसत नाही. निव्वळ राजकीय अपराधही वगळलेला आहे. परंतु त्याचा अर्थ अरुंद आहे. दगडफेकीत कोणी जबर जखमी झाला असेल, तर "ते आंदोलन होते" एवढ्या उत्तराने सुटका होत नाही.

किरकोळ गुन्ह्यालाही एक सवलत आहे. माणसाने एकच गुन्हा केला असेल, त्या गुन्ह्याला कायद्यात जास्तीत जास्त शिक्षा एक वर्षापेक्षा अधिक नसेल, आणि प्रत्यक्ष झालेली शिक्षा सहा महिन्यांपेक्षा अधिक नसेल, तर तो आड येत नाही. येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. समजा, एकाला पंचवीस वर्षांपूर्वी सायकल चोरल्याबद्दल फक्त पाचशे रुपये दंड झाला. त्याला वाटेल, आपली गोष्ट किरकोळच. पण आपल्याकडे चोरीला कमाल शिक्षा तीन वर्षांची आहे. त्यामुळे दंड पाचशेचा असूनही ही सवलत त्याला मिळत नाही. गुन्हा अठरा वर्षांच्या आतील वयात घडला असेल व त्याला पाच वर्षांहून अधिक काळ लोटला असेल, तर मात्र दुसरी सवलत आहे.

मग त्या सायकलवाल्याने काय करावे? त्याच्यासाठी विशेष सूट मागण्याची सोय त्याच कायद्यात आहे. मुलाखत घेणारा अधिकारी तशी शिफारस करू शकतो. त्या वेळी तीन गोष्टी तोलल्या जातात : या माणसाला येऊ दिल्यास समाजाला धोका किती, पूर्वीचा गुन्हा किती गंभीर, आणि येण्याचे कारण काय. याला कित्येक महिने लागू शकतात. म्हणून समारंभाच्या तोंडावर अर्ज न करता बराच आधी करावा.

एक गोष्ट विसरू नये. कसलीही नोंद नसलेल्यांनाही पुष्कळदा व्हिसा नाकारला जातो. कारण आपण परत येऊ, हे अधिकाऱ्याला पटवून द्यावे लागते. नोकरी, घर, कुटुंब, बँकेतील खरी शिल्लक हे सर्व नोंद असलेल्यालाही दाखवायचेच असते.

ब्रिटन आणि जपान

प्रत्येक देशाचे माप वेगळे. ब्रिटनमध्ये बारा महिने किंवा अधिक कारावासाची शिक्षा झाली असल्यास व्हिसा नाकारतात. जपानच्या कायद्यात एक वर्ष किंवा अधिक कारावासाची शिक्षा झालेल्याला प्रवेश नाही, पण राजकीय अपराधाची शिक्षा त्यातून वगळलेली आहे. अमली पदार्थांच्या बाबतीत मात्र शिक्षा कितीही लहान असली तरी बंदी आहे. म्हणून एका देशाने व्हिसा दिला म्हणजे दुसराही देईल, असे गृहीत धरू नये. नियम बदलतात, अर्जाच्या वेळी त्या देशाच्या दूतावासाची माहिती वाचावी.

कागद कोणते जमवावेत?

अनेकजण पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट काढायला धावतात. पर्यटक व्हिसासाठी पासपोर्ट कार्यालय ते देत नाही. ते नोकरी, वास्तव्य व दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी असते. आपल्याला लागतात ते न्यायालयाचे कागद :

१. निकालाची किंवा खटला मागे घेतल्याच्या आदेशाची प्रमाणित नक्कल. केस नंबर, वर्ष व न्यायालय माहीत असल्यास नक्कल विभागात अर्ज करता येतो.
२. दंड भरल्याची पावती किंवा शिक्षा भोगून झाल्याचा कागद.
३. जुने रेकॉर्ड नष्ट झाले असल्यास, ते उपलब्ध नसल्याचा न्यायालयाचा लेखी दाखला.
४. मराठी कागदांचे इंग्रजीत प्रमाणित भाषांतर.
५. केस गुंतागुंतीची असल्यास वकिलाचे एक पानी पत्र : कलम कोणते, कमाल शिक्षा किती, निकाल काय.

खोट्याची किंमत

"त्यांना कळणार कसे?" असे विचारणारे बरेच असतात. कदाचित आज कळणार नाही. पण आज दिलेले उत्तर त्या देशाच्या दप्तरी राहते. उद्या तीच व्यक्ती शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा मुलाकडे कायम राहण्यासाठी अर्ज करील, तेव्हा पोलीस क्लिअरन्स मागितले जाईल आणि दोन्ही उत्तरे शेजारी ठेवली जातील. महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून खोटी सांगितली असे ठरले, तर अमेरिकेत प्रवेशबंदी जन्मभराची आहे. सुटीखेरीज ती उठत नाही. ब्रिटनमध्ये फसवणुकीसाठी दहा वर्षांपर्यंत अर्ज फेटाळले जातात. ज्या मोर्चाच्या केसने काहीही बिघडले नसते, ती दडविल्याने लेकीच्या घरी जाण्याची वाट बंद होते. फॉर्म एजंटाने भरला, हा बचाव चालत नाही. सही आपली असते, जबाबदारीही आपलीच. तेव्हा एजंटाने भरलेला फॉर्म पाठविण्यापूर्वी मुलाकडून का होईना, ओळ न् ओळ वाचून घ्यावा.

अंगुलिमालाची कथा आपण सर्व जाणतो. राजा प्रसेनजित त्याला पकडायला निघाला व तथागतांकडे आला, तेव्हा तथागतांनी त्याला दुसऱ्या नावाने लपविले नाही. "हा अंगुलिमाल" असेच राजाला दाखविले, आणि आता तो कसा जगतो हेही दाखविले. पुढे लोकांनी त्याला दगड मारले, हेही कथेत आहे. खरे बोलल्याने सर्व सोपे होते असे धम्म सांगत नाही. पण चौथे शील आपण विहारात घेतो, ते फॉर्म भरतानाही पाळायचे असते.

आणि ज्यांच्यावर नामांतरासाठी, न्यायासाठी केस झाली, त्यांना तर मान खाली घालण्याचे कारणच नाही. त्यांनी 'होय' लिहावे आणि सोबत न्यायालयाचा कागद जोडावा. आमची विद्यार्थ्यांना विनंती आहे, की येत्या सुट्टीत आपल्या घरातील वडीलधाऱ्यांच्या जुन्या केसेसचे नंबर विचारून लिहून ठेवा व नकला काढून आणा. कागद हाती असला म्हणजे निम्मी भीती तेथेच संपते.

जयभीम! नमो बुद्धाय!