झाड नाताळचे, सजावट घड्यांची

नाताळचे झाड म्हटले की डोळ्यांपुढे येतात चकचकीत गोळे, कापसाचा बर्फ आणि लुकलुकणारे दिवे. न्यू यॉर्कच्या 'अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरी'मधले झाड मात्र जवळ जाऊन निरखावे लागते. जवळजवळ तेरा फूट उंचीच्या या झाडावर हत्ती असतात, देवमासे असतात, फुलपाखरे, विंचू आणि डायनोसॉरही असतात. शेकड्यांनी असलेले हे सारे प्राणी कागदाला घड्या घालून बनवलेले!

याची सुरुवात झाली ती एका कीटकतज्ज्ञ बाईंच्या हौसेतून. ॲलिस ग्रे या त्या संग्रहालयात कीटक विभागात काम करीत. कोळी आणि झुरळे यांच्याविषयी लोकांना प्रेमाने सांगणाऱ्या या बाईंना ओरिगामीचा, म्हणजे जपानी घडीकामाचा नाद होता. १९७० नंतरच्या वर्षांत त्यांनी आपल्या कार्यालयातले छोटेसे झाड कागदी कीटकांनी सजवले. नाताळच्या झाडावर किडे ही कल्पना ऐकायला विचित्रच, पण पाहणाऱ्यांना ती आवडली. थोड्याच काळात संग्रहालयाने सर्वांना पाहता येईल असे मोठे झाड उभे करायचे ठरवले.

मोठे झाड एकटीच्या हातून कसे सजणार? न्यू यॉर्कमध्ये लिलियन ओपनहायमर यांनी १९५८ मध्ये 'ओरिगामी सेंटर' सुरू केले होते. त्या वर्तुळातले हौशी लोक मदतीला आले. मायकेल शॉल हा उत्साही शिक्षक त्यांतलाच. आज 'ओरिगामी यूएसए' या नावाने ओळखली जाणारी संस्था याच मंडळींच्या धडपडीतून उभी राहिली.

पुढे कसोटीचा काळ आला. १९९२ मध्ये ओपनहायमर गेल्या, १९९४ मध्ये ॲलिस ग्रे आणि १९९५ मध्ये मायकेल शॉल. चार वर्षांच्या आत तिघेही नाहीसे झाले. एखाद्याच्या हौसेवर उभे असलेले काम त्या माणसाबरोबरच संपते, हा अनुभव आपल्याकडच्या कितीतरी मंडळांना आहे. इथे तसे झाले नाही. कारण तिघांनीही घड्या नुसत्या घातल्या नव्हत्या, भेटेल त्याला शिकवल्या होत्या. त्यामुळे झाड दरवर्षी उभे राहत आले. त्याचा विषय दर वर्षी बदलतो. २०१९ मध्ये टायरॅनोसॉरसचा मान होता. स्वयंसेवक कित्येक महिने आधीपासून कामाला लागतात, जुन्या आकृत्याही जपून ठेवून पुन्हा टांगल्या जातात. आणि झाड पाहायला येणाऱ्या मुलांना एखादी आकृती शिकवण्याची प्रथाही चालू आहे.

मराठी वाचकांना हा छंद परका नाही. खिशात कागद बाळगणारे आणि समोर मूल दिसले की घड्या घालू लागणारे अनिल अवचट (१९४४–२०२२) अनेकांना आठवत असतील. मराठीतून ओरिगामीवर त्यांनी पुस्तकही लिहिले.

घरच्या झाडासाठी विंचू किंवा डायनोसॉरच्या वाटेला जाण्याचे कारण नाही. जपानमधला पारंपरिक कागदी फुगा झाडावर फार शोभून दिसतो. त्यासाठी शाळेच्या हस्तकलेचा घोटीव कागद उत्तम. जाड कार्डशीट घेऊ नये, ते घडीवर तडकते.

१५ सेंटिमीटरचा अचूक चौकोन कापा. अचूक हा शब्द महत्त्वाचा, कारण इथला एक मिलिमीटर शेवटी चांगलाच जाणवतो. रंगीत बाजू खाली ठेवून कोपऱ्यावर कोपरा आणत दोन्ही तिरक्या घड्या घाला व उलगडा. कागद उलटा करून मधोमध एक आडवी घडी घाला व उलगडा. आता मधला बिंदू वर ठेवून आडव्या घडीची दोन्ही टोके आत ढकला. कागद आपोआप मिटून त्रिकोण होईल. त्रिकोणाचे टोक वर धरून पुढच्या पदराचे खालचे दोन्ही कोपरे त्या टोकापर्यंत दुमडा, मागेही तसेच करा. चौकोन तयार झाला. त्याचे डावे-उजवे कोपरे मध्यापर्यंत आणा, पुन्हा मागेही तसेच. आता वरच्या बाजूला सुटी टोके दिसतील. ती खाली वळवून, नुकत्याच झालेल्या त्रिकोणांच्या खिशांत खोचा. नवशिका अडतो तो इथेच. टोकांना आणखी एक बारीक घडी घातली की ती सहज आत जातात.

खालच्या टोकाला बारीक भोक असते. घड्या थोड्या सैल करून त्यातून जोरात फुंकर मारा. चपटा कागद टम्म फुगतो, आणि त्या क्षणी मुलांचा चेहरा पाहावा! फुगा साधारण चार सेंटिमीटरचा होतो. टांगण्यासाठी दोऱ्याच्या टोकाला मणी बांधून सुई भोकातून घाला व वरच्या बंद टोकातून काढा. फांदी वाकण्याची भीती नाही, वजन जवळजवळ नाहीच. मात्र झाडावर किंवा झाडाजवळ मेणबत्ती लावायची नाही आणि तापणारे दिवे कागदाला टेकू द्यायचे नाहीत.

सण संपल्यावर फुगे बुटांच्या खोक्यात घालून कोरड्या जागी, माळ्यावर ठेवता येतात. पावसाळ्याच्या दमट हवेने ते थोडे मऊ पडले किंवा चेपले, तर पुढच्या डिसेंबरात पुन्हा एक फुंकर घालावी.